मोठा हजार

आमच्या सावली गावचे मापारीभाऊ कधी ‘एक’ म्हणत नसत. खळ्यावर धान मोजताना लाकडी कुडो भरायचा, हाताने सपाट करायचा आणि खणखणीत सुरुवात: “लाभ!” मग दोन, तीन, चार. पहिल्या मापाला लाभच म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. बाकीचे मापारी ती खळ्यापुरती पाळत, भाऊंनी ती घरीही नेली. लेकरं किती, असं विचारलं की सांगत, “लाभ. आमची बायजा.”

मी तिथल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. ते पन्नास-पंचावन्नचे दिवस. भाऊ माझ्याकडे येऊन इंग्रजी पेपरातले आकडे विचारत. एकदा ‘मिलियन’वर अडले. मी सांगितलं, दहा लाख. नाव कुठून आलं म्हणाले, तेव्हा शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये हजाराला ‘मिले’ म्हणत. इटलीच्या लोकांनी त्याला मोठेपणाचं शेपूट लावलं. मिलियन म्हणजे मोठा हजार.

भाऊ पोट धरून हसले. “दहा लाखाले मोठा हजार? हे तं बैलाले मोठी शेळी म्हटल्यावानी झालं, मास्तर! नवं नाव काऊन नाई ठेवलं त्यायनं?” मग एकदम गंभीर झाले. “पण मोजणी लाभापासूनच करत असन ना?”

“नाही भाऊ, ते ‘वन’ म्हणतात.”

“मंग काय बरकत येते त्यायले!” त्यांना साहेबांची खरोखर कीव आली.

दिवाळीनंतर बायजा पहिल्या बाळंतपणासाठी नागभीडहून माहेरी आली. भाऊ हवेत होते. “नातवाले मी शिकवीन. लाभापासून थेट मोठ्या हजारापर्यंत. तुमचं वन-फन चालणार नाई, सांगून ठेवतो.”

बाळंतपण अडलं. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, ती शिवेवरूनच परत फिरली. बायजा गेली, बाळही गेलं. मी भाऊंजवळ जाऊन बसलो.

तेरवीनंतर पाटलांच्या खळ्यावर मोजणी होती. भाऊ आले. राशीला हात जोडले, कुडो भरला, हाताने सपाट केला.

“एक,” ते म्हणाले.

एरवी एवढ्या अपशकुनाला पाटलांनी माप हिसकावून घेतलं असतं. त्यांनी मान खाली घातली. “मोजा भाऊ,” म्हणाले.

“दोन.”

पुढे कितीतरी वर्षं मी पोरांना मिलियन शिकवला. फळ्यावर सहा शून्यं भराभर काढून होत. त्यांच्या आधीचा एक लिहायला मात्र हात उचलत नसे.