घरात चपला, देवाला विचारून

हल्ली सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. थोडं चाललं की बरं वाटतं, आणि शाळेत तासभर फळ्यापाशी उभं राहिलं की पुन्हा सुरू. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी घरात मऊ चपला घालायला सांगितल्या आणि मी निमूट घातल्या. मला विचार करावाच लागला नाही. तो सगळा माझ्या आईने पूर्वीच करून ठेवला होता, आणि प्रकरण थेट देवापर्यंत नेलं होतं.

आमचं घर पोलादपूरजवळ, कापड्याला. लहानपणी घरात शेणाने सारवलेली जमीन होती. आई सारवत सारवत मागे सरकत दारापर्यंत यायची आणि ओल वाळेपर्यंत आम्हा दोघा भावंडांना अंगणात पिटाळायची. आत पाऊल टाकलंत तर तंगडी मोडीन, ही धमकी ठरलेली. उन्हाळ्यात ती जमीन गार असायची आणि पायाखाली मऊ लागायची. सारवणाच्या त्या वासाची अजून कधी कधी आठवण येते.

धाकटा भाऊ मुंबईला कामाला लागला, त्याचं बस्तान बसलं, आणि एका गणपतीच्या आधी त्याने घरभर चकचकीत फरशी घातली. आमच्याकडच्या मुंबईकरांची ही रीतच आहे. छप्पर गळत असलं तरी चालेल, फरशी आधी. गणपतीला आलेला प्रत्येक जण खाली वाकून तीत आपलं तोंड बघून गेला. सारवणातून सुटका झाली म्हणून आईही खूश होती.

दिवाळीच्या सुमारास तिची टाच दुखायला लागली. फरशीवर कुणाचा संशय गेला नाही. मुलाने हौसेने घातलेल्या फरशीला नावं ठेवायची कुणी? शेजारच्या काकूंनी वात ठरवला, दुसऱ्या कुणी आत काटा मोडलाय म्हणून सांगितलं. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक झाला, एरंडेल चोळून झालं. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने बिब्बा लावला. तो असा उतला की टाचेला फोड येऊन चालणंच बंद पडलं. आजारापेक्षा औषध जालीम!

हे कळल्यावर भावाने फोनवर फर्मान काढलं. "म्हैस विकून टाक. शिमग्याला गाडी घेऊन येतो, तुला घेऊनच जातो." त्याचंही चूक नव्हतं. लंगडणारी आई एकटी ठेवून त्याला तिकडे झोप कशी लागणार? पण आईचा चेहरा पडला. म्हैस, शेतातला वाल, शेजारणीशी भांडण आणि त्याच शेजारणीकडे चहा, हे सोडून ती कुठे जाणार होती?

"तिथं मी काय करू गो? खिडकीत बसून गाड्या मोजू?" ती मला म्हणाली. माझी आई कधी कुणाला भ्यायली नव्हती. त्या दिवशी तिला घाबरलेली पाहिली आणि मला फार वाईट वाटलं.

मी तिला महाडला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी टाच दाबून पाहिली, साखर तपासली, सूज आहे का, पायाला मुंग्या येतात का, विचारलं. मग म्हणाल्या, "तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो. रात्री तो आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला ताणला जातो, म्हणून कळ येते. फोटोत हाड वाढलेलं दिसलं तरी दर वेळी दोष त्याचाच नसतो. घरात खाली काय आहे?"

"फरशी," मी म्हटलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भावाची चहाडी केली.

एकट्या फरशीचा दोष नाही, बाई म्हणाल्या. वय आहे, जन्मभराचे कष्ट आहेत, थोडं वजनही आहे. पण आता कडक जमिनीवर अनवाणी चालायचं नाही. उठण्याआधी पंचा तळपायात अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची, गार पाण्याची बाटली पायाखाली फिरवायची आणि घरात मऊ चपला घालायच्या. आराम पडेल, पण काही महिने लागतील. बिब्ब्याचं नाव काढायचं नाही.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "बाकी समदं करीन. घरात चपला नाय. लक्ष्मी हाय घरात."

दोन दिवस मी डोकं फोडलं. शेवटी तिनेच तोड काढली. "कौल लावू. देव हो म्हणाला तर घालीन."

ग्रामदेवतेच्या देवळात गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आईने गाऱ्हाणं घातलं. फुलं ढिम्म हलेनात. "चुलीपाशी काढीन," आई म्हणाली. तरी काही नाही. "अजून काय सोडता का बघा," गुरव हसू दाबत म्हणाला. आई चिडली. "देव्हाऱ्यापाशी तर काढीनच काढीन! आता काय पायच कापून देऊ?" आणि उजवं फूल पडलं. ओलं फूल सुकलं की पडतं, एवढं मीही शाळेत शिकवते. पण मघापासून श्वास माझाही अडकला होता.

पहिले दिवस ती घरात चपला घालून चोरासारखी चालायची. पंचा, बाटली, सगळं मात्र इमानाने केलं. टाच हळूहळू वळणावर येत होती, पण शिमगा तिच्या आधी आला.

सण झाला, भाऊ निघाला. "चल, पिशवी भर," तो आईला म्हणाला. ती उठली, देव्हाऱ्यापाशी चपला काढल्या, अंगारा घेतला आणि तशीच अनवाणी फरशीवरून अंगणात, अंगणातून गाडीपर्यंत गेली. टाच पुरी टेकवत, ताठ. त्याच्या कपाळाला अंगारा लावून म्हणाली, "बघितलास? लंगडते का कुठं? जा तू."

त्याने एकदा तिच्या पायांकडे पाहिलं. मग "बरं" म्हणून त्याने गाडी काढली.

गाडी जरा पुढे जाते न जाते तोच आई मटकन पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी टाच धरली. डोळ्यांत पाणी होतं. "दिसला नाय ना गो त्याला?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या पावसापर्यंत दुखणं निवळलं आणि शेवटपर्यंत ती त्याच घरात राहिली. तिच्या तेराव्यानंतर आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी भावाला ही गंमत सांगितली. म्हटलं, शेवटी आईने तुला फसवलंच.

तो हसला नाही. म्हणाला, "गाडीच्या आरशात दिसलं होतं ताई. खाली बसली ती."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो तर तिला घेऊनच निघावं लागलं असतं."