आतोबांचं लायपोसोमल

रत्नागिरीतल्या दुकानदारांना मनापासून नकोसा झालेला माणूस कोण, असं बाजारात विचारलंत तर कुणीही तुम्हाला भाट्याच्या बाजूला आमच्या आतोबांच्या घराचा रस्ता दाखवील. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्तीनंतर सांभाळायला यंत्र उरलं नाही म्हणून त्यांनी घरालाच यंत्र मानलं. जे दुकानात मिळतं ते घरी होतं, आणि जे घरी होतं ते विकत घेणारा मूर्ख, हा त्यांचा धर्म. दुकानात ते जातात, पण घ्यायला नव्हे, वाचायला. डबा उचलायचा, चष्मा कपाळावर सारायचा, मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायची, "म्हणजे साखर आणि रंग!" असा निकाल द्यायचा आणि डबा होता तिथे ठेवायचा. मागे उभं असलेलं गिऱ्हाईकही मग तो डबा घेत नाही.

या धर्मापायी त्यांनी घरी काय काय केलं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. एकदा साबण केला. त्या साबणाने आत्याच्या लुगड्याचा रंग गेला आणि डाग तेवढा राहिला. एका दिवाळीला दातांचं मंजन केलं आणि जावई म्हणून पहिला मान माझ्या नवऱ्याला दिला. आमचे हे भिडस्त, त्यांनी ते मंजन मन लावून लावलं, आणि भाऊबीजेपर्यंत त्यांना करंजी कुठली आणि चकली कुठली ते नुसतं बघूनच ओळखावं लागत होतं. आतोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे काम करतंय!" आत्या मात्र कधी चिडली नाही. "खपू दे गो त्यांना," म्हणायची, "घरात गुंतले नाहीत तर लोकांच्या घरी जाऊन चांगले पंखे उघडून ठेवतील."

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आत्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. बांगड्याचं डोकं चोखून त्याचं पार चिपाड करणारी माझी आत्या दोन घास भात चिवडून ताट सरकवू लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. दिवसभर पडवीत भिंतीला टेकून बसायची, कुणी आलं तरी नुसती हसायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, आजार काही सापडला नाही, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तिच्या पोटात आग पडायची, म्हणून ती त्या गपचूप पदराच्या गाठीला बांधून टाकायची. शेवटी डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "आजाराचं मला भय नाही. पण या वयात माणसाने खाणं सोडलं की तब्येत उतरत जाते, आणि मग सावरत नाही." मला रडू आलं. आतोबा येताना रिक्षात आत्याच्या बांगड्या मनगटाकडे सारत बसले, त्या परत वर जायच्या, हे परत खाली सारायचे.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आतोबा मोबाइल नाकाला लावून बसलेले. "सापडलं!" म्हणाले. "क जीवनसत्त्व पोटाला का बाधतं? उघडं जातं म्हणून. त्याला चरबीचा अंगरखा घालायचा. मोदक समज! आत सारण म्हणजे जीवनसत्त्व, वरची पारी म्हणजे चरबी. पोटाला वाटतं मोदक आला, ते गप बसतं. याला म्हणतात लायपोसोमल." आत्या भिंतीला टेकून म्हणाली, "मग मोदकच करा ना." पण आतोबा एकदा सुटले की सुटले. सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन नावाचं पिवळं द्रव्य त्यांनी मुंबईहून मागवलं. ते फणसाच्या चिकासारखं, हाताला लागलं की खोबरेल तेलाशिवाय सुटायचं नाव नाही. तेवढ्यात दाराची कडी, पंख्याचं बटण आणि माझी पर्स, सगळं एकमेकांचं सगंसोयरं झालं. मग शुद्ध पाणी हवं म्हणून स्वारी बॅटरीच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "इन्व्हर्टरला घालायचंय काय?" हे म्हणाले, "नाय, बायकोला." ते पाणी मी परत करायला लावलं, तेव्हा कुकरच्या शिटीला नळी जोडून ते वाफेचं पाणी धरू लागले. पाणी शुद्ध मिळालं, डाळ मात्र त्या आठवड्यात एकदाही शिजली नाही.

खरी मजा यंत्राची. चरबीचे मोदक वळायला हात पुरत नाहीत, त्याला ध्वनिलहरी लागतात. म्हणून आतोबांनी ओळखीच्या सोनाराकडून दागिने धुवायचं जुनं यंत्र उसनं आणलं. त्यात आधी आत्याच्या पाटल्या घालून बघितल्या. त्या इतक्या लखलखीत निघाल्या की आत्याला वाटलं सोनाराने बदलल्या. मग त्यात लेसिथिन, वाफेचं पाणी आणि क जीवनसत्त्वाची पूड यांचं मिश्रण ओतून यंत्र सुरू केलं. आपल्याला नुसती घूं अशी गुणगुण ऐकू यायची, पण कुत्र्यांना आणखी काय ऐकू येत होतं देव जाणे. आळीतली सगळी कुत्री अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर रांगेत बसून आभाळाकडे तोंड करून रडायची, आणि घरातली मांजर शेजारी कायमची राहायला गेली. तयार झालेलं औषध मी चाखलं. रव्याच्या खळीत लिंबू पिळून साबण धुतल्यावर जे होईल ते. मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "दोन चमच्यांनी अपाय नाही. उपाय होईल असंही नाही." आतोबांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. आत्या सरळ पिणार नाही म्हणून ते दुपारच्या सोलकढीत दोन चमचे मिसळू लागले. कारण भात सुटला तरी वाटीभर सोलकढी तिने सोडली नव्हती.

आता मंडणगडकडे आमचं मूळ गाव, तिथे माझा थोरला काका शेती करतो. आत्याचा सख्खा भाऊ. त्याच्या घरात रेंज नाही, फोन करायचा तर तो देवळामागच्या सड्यावर, उघड्या कातळावर जातो, आणि सड्यावर वारा असा की निम्मं बोलणं दरीत जातं. तिथून त्याने एकदा बहिणीची खुशाली विचारली. आतोबा उत्साहाने सांगत सुटले, "काळजी करू नका! तुमच्या बहिणीला मी रोज लायपोसोमल पाजतो. दोन चमचे, सोलकढीतून. तिला पत्ताच नाही!" वाऱ्याने त्यातलं 'लायपो' नेलं आणि उरलेलं सगळं काकाला व्यवस्थित पोचवलं. सोमल म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडचं जहाल विष. पोरांना आर्सेनिक म्हटलं तर कळतं, काकाला सोमल म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने काका भावकीतल्या दोन माणसांना घेऊन दारात हजर. मी नेमकी तिथेच होते. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून हातात नारळ आणि केळ्यांचा फणा होता, आणि डोळे रागाने लाल. जावयाशी चढ्या आवाजात बोलायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे बिचाऱ्याची पंचाईत झाली. त्याने आधी नारळ आतोबांच्या हातात दिला, मग म्हणाला, "भावोजी, तुमचा मान ठेवून इचारतोय. आमची बहीन तुमाला जड झाली आसंल तर सांगा, आमी घेऊन जाताव. पन तिला इख कशाला पाजताव?"

"विष?" आतोबा म्हणाले.

"तुमीच फोनवर बोल्लाव. सोमल. दोन चमचे. तिला पत्ता नाय."

मला हसू यायच्या आधी आतोबांचा चेहरा दिसला आणि हसू तिथेच राहिलं. ते एवढेसे झाले होते. उठून आत गेले, बरणी आणली, आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावून रिकामी केली. मग खुर्चीवर बसले. काका आणि भावकी समोर बसली. सोमल चढायला किती वेळ लागतो ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे चहा पीत वाट बघत राहिले, आणि आतोबा त्यांना मोदकाची पारी समजावत राहिले. भावकीला पटत आलं होतं, इतक्यात आतोबा बोलता बोलता थांबले, पोटावर हात ठेवला आणि परसाकडे धावले. क जीवनसत्त्व बरणीभर प्यायलं की काय होतं ते मोबाइलने त्यांना सांगितलेलंच नव्हतं. ते आले, परत धावले. काका घाबरून ओरडला, "आरं, खरंच इख हाय!"

आणि भिंतीला टेकलेली आत्या हसली. आधी पदरात, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता भिंत धरून उठली. "दादा, त्यांना बसव. पोट धुऊन निघालंय त्यांचं," म्हणत ती कित्येक दिवसांनी चुलीपाशी गेली. उकड्या तांदळाची पेज केली, वर मीठ आणि तूप घातलं. आतोबा पांढरेफटक पडून राहिले होते, तरी हट्टाला कमी नाहीत. "तू खाल्ल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही," म्हणाले. आत्या म्हणाली, "उघडा. मी खाते." आणि चमचा त्यांना, चमचा स्वतःला, असं करत तिने वाडगा संपवला. काका दाराशी उभा राहून धोतराने डोळे पुसत होता आणि केळी कुणी खाणार का म्हणून विचारत होता.

त्यानंतर आत्या हळूहळू खायला लागली, आणि आता तिच्या बांगड्या मनगटावर राहतात. आतोबा येईल त्याला सांगतात, "लायपोसोमल!" एकदा ती माझ्याबरोबर कोळंबी सोलत बसली होती, तेव्हा मी विचारलं, "तुला खरंच कळलं नव्हतं सोलकढीतलं?"

"न कळायला मी काय खुळी आहे? पहिल्या घोटालाच कळलं. सोलकढी कधी बुळबुळीत लागते काय?"

"मग प्यायचीस कशाला?"

तिने हातातली कोळंबी पुरी सोलली. "अगो, हे दाराआड उभे राहून बघायचे. श्वास धरून. मी वाटी रिकामी करून खाली ठेवली की मग सोडायचे. आता सांग, न पिऊन काय करू?"

मी घरी आले. आमच्या ह्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीने आणून कपाटात ठेवल्या होत्या आणि ते आत बातम्या बघत होते. चांगला माणूस आहे, माझी काही तक्रार नाही. मी पाण्याबरोबर गोळी घेतली. पण त्या दिवशी मला माझ्या सत्तरी उलटलेल्या आत्याचा हेवा वाटला, आणि पेला खाली ठेवताना मी दाराकडे वळून बघितलंसुद्धा.