सासऱ्यांचा भोपळा

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात हुकूम सोडायला कोणी मिळेना, म्हणून माझ्या सासऱ्यांनी भोपळा धरला. मोबाईलवर त्यांनी परदेशातले अवाढव्य भोपळे पाहिले आणि सांगलीच्या शेती प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, असं परस्पर जाहीरही करून टाकलं. रान सगळं उसाखाली. मग जागा कुठली? सासूबाईंचा परसातला वाफा. वांगी, मिरच्या, घेवडा, सगळं एका सकाळी उपटलं. घेवडा सासूबाईंच्या आईच्या हातच्या बियाण्याचा, दरसाल जपून लावलेला. उपटलेल्या वेलांतल्या चार वाळक्या शेंगा तेवढ्या सासूबाईंनी वेचून घेतल्या.

पुढं त्या वेलाचे जे लाड झाले, ते या घरात पोरांचेही झाले नाहीत. शेणखताचे ढीग काय, पेरापेराला मुळं फुटावीत म्हणून मातीची भर काय! सगळा रस एकालाच मिळावा म्हणून बाकीची फळं कोवळी असतानाच खुडली. उन्हानं साल टणक होऊन वाढ थांबू नये म्हणून सासूबाईंचं लुगडं वर ताणलं. भोपळा फुगत गेला आणि सासरेही. माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. आमच्याकडं पावसावरचा भोपळा कळशीएवढाच होतो, पण गोड असतो, असं मी एकदा म्हटलं.

"तुमच्याकडं पाणीच न्हाई, भोपळा काय वाढंल?" सासरे म्हणाले.

यांच्याकडं पाणी होतं, अक्कल नव्हती. आठवडाभर उसाच्या गडबडीत वेल कोरडा ठेवला आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वजन वाढावं म्हणून पाट मोकळा सोडला. एकदम पाणी प्यायलेला भोपळा सकाळी देठापासून उलून फाटलेला. सासरे पायरीवर तोंड पाडून बसले. मला कीव आली नाही.

आमच्यात बाईमाणूस अख्खा भोपळा चिरत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा.

"आत्या, मामांना हाक मारू का?" पायरीवरच्या सासऱ्यांकडं बघत मी सासूबाईंना विचारलं.

सासूबाई कोयता घेऊन आल्या होत्या. "कशाला? ह्यो आता अख्खा कुठं हाय?"

आणि घाव घातला. आत नुसता पाणचट, धाग्याधाग्यांचा गर. भाजीलाही उपयोग नाही, सगळा म्हशीपुढं टाकला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच वाफ्यात त्या चार शेंगांतलं घेवड्याचं बी टोकत होत्या. सासरे न सांगता बादली भरून घेऊन आले. सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली.

"तुमी लांब ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "पाणी मी घालीन."