चमचाभर शू
सकाळी लेकाची ओली गोधडी गच्चीवर वाळत घालताना तो वास नाकात शिरला आणि मला सात रस्त्याजवळचा दवाखाना आठवला. लेक दिवस भरायच्या आधीच जन्मला, काचेच्या पेटीत राहिला आणि तिथं त्याची लघवीच बंद पडली होती, म्हणून घरी आणल्यावरही त्याच्या किडन्या तपासायला अधूनमधून जावं लागायचं. त्या दिवशी नर्सनं डबी दिली, "यात चमचाभर तरी शू धरा." सासूबाई मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "आता कुटली! डॉक्टरीणबाईच्या टेबलावर कराय नको म्हणून मी घरनंच करवून आणलीय की!" मग काय, मी दूध पाजलं, नवरा डबी धरून उकिडवा बसला आणि सासूबाईंनी "शूऽऽ" सुरू केलं. शेजारच्या बुरख्यातल्या आजींनीही सूर धरला आणि बघता बघता सगळी बाकडी शूऽऽ करू लागली. समोरच्या दोन बाळांनी लगेच ऐकलं. आमचा मात्र मजेत सगळ्यांकडं बघत राहिला. शेवटी नवराच डबी माझ्या हातात कोंबून "आलोच" म्हणत संडासाकडं पळाला, आणि तेवढ्यात लेकानं धार सोडली ती थेट सासूबाईंच्या नव्या इरकलीवर. उरलेली कशीबशी डबीत पडली. आज एवढा शाळेत जाणारा घोडा गोधडी भिजवतो म्हणून मी त्याच्यावर ओरडणारच होते, तर जिन्यातनं सासूबाई म्हणाल्या, "वरडतीस कशाला? पेटीत हुता तवा ह्याच्यासाटीच नवस बोललो हुतो की आपण."