खिडकीपुढचं सोंग

आंधळ्यांचा कारखाना बंद पडला आणि भेकुयीसे न्तोंबेलाची झोप उडाली. सरकारचं अपंग अनुदान जेमतेम अर्धा महिना पुरायचं. पुढचे दिवस तो वेताच्या खुर्च्या विणून निभावायचा. आता सगळी आशा बेकारभत्त्यावर होती.

सल्ला द्यायला मूझी होताच. कारखान्यात शेजारी बसून टोपल्या विणणारा हा आंधळा सगळ्यांचा वकील. सरकारी खिडकीपुढे जायचं तर काठी घरी ठेवायची, बायकोचा हात धरायचा, उंबऱ्याला ठेचकाळायचं, ही त्याचीच शिकवण. अनुदानाच्या डॉक्टरपुढे सगळ्यांनी तेच केलं होतं. डोळे कुणालाच नव्हते, पण तुम्ही तोंडघशी पडल्याशिवाय सरकारला ते पटत नाही, त्याला कोण काय करणार!

तेव्हा भेकुयीसे बायकोचा, थोकोझिलेचा, हात धरून भत्त्याच्या कचेरीत गेला आणि जन्मात नव्हता इतका आंधळा झाला. खुर्ची चाचपडली, बसताना कलंडला. खिडकीतल्या झोंडीबाईंनी विचारलं, एकटे कुठे जाता का? छे, अंगणातही नाही. हातांनी काही करता येतं? हात थरथरतात, तो म्हणाला, आणि थरथरवून दाखवले.

"मग तुम्हाला भत्ता मिळायचा नाही, बाबा," झोंडीबाई म्हणाल्या. "काम करता येतं पण मिळत नाही, अशांसाठी असतो तो."

भेकुयीसेने बायकोचा हात सोडला.

"बावीस वर्षं खुर्च्या विणल्या मी, पोरी. रोज एकटा शेअर टॅक्सीने जायचो."

"मग हे आत्ता काय होतं?"

"सोंग."

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उतरवला.

"अनुदानाच्या डॉक्टरपुढेही सोंगच होतं का, बाबा?"

"डोळे तर खरंच नाहीत गं."

"डोळ्यांचं मी विचारतच नाहीये. काम करता येतं की नाही, तेवढं सांगा. काय लिहू?"

थोकोझिलेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाही म्हणावं तर भत्ता बुडतो, हो म्हणावं तर ते अनुदानवाल्यांच्या कानावर जाऊन, काम जमत नाही म्हणून मिळणारं अनुदान बंद व्हायची भीती. मागे लोक कुरकुरू लागले.

"येतं," तो शेवटी म्हणाला.

भत्ता मंजूर झाला. मूझीने पाठ थोपटली, थोकोझिलेने त्या दिवशी कोंबडी शिजवली. पण तेव्हापासून फाटक वाजलं की भेकुयीसेचा घास हातातच राहतो, आणि कोण आलंय ते थोकोझिले सांगेपर्यंत तो श्वास घेत नाही.