दाराची टेस्ट सिरीज

चार माणसं एका खोलीत बसून एकाच परीक्षेचा अभ्यास करत राहिली, की पुढं अभ्यास विसरतो आणि किस्से तेवढे मागं राहतात. आम्ही चौघं आता चार गावांना आहोत. फोनवर बोलणं तब्येतीपासून सुरू होतं, पोरांच्या शाळेवर येतं, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "ते मुदखेडचं आठवतं का?" झालं. पुढचा तासभर घरातल्यांनी आमची वाट बघायची नाही.

परीक्षा कॉम्प्युटर नेटवर्किंगची होती. लेखी हैदराबादला द्यायची. ती निघाली की बेंगलोरला प्रॅक्टिकल. सकाळी एका बंद खोलीत बसवायचे, समोर राउटरचं जाळं. राउटर म्हणजे माहितीला कोणत्या रस्त्यानं जायचं ते सांगणारा डबा. ते जाळं दिवसभरात उभं करायचं, मग त्यांनी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं दुरुस्त करायचं. लेखी पास झाल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रॅक्टिकल निघालं नाही, तर लेखीपासून पुन्हा सुरुवात. भल्याभल्यांची दांडी उडायची. पण पास झालं की जगात कुठंही जाता येतं असं ऐकलं होतं, आणि मनानं आम्ही कधीच पोचलो होतो. उन्हाळ्यातल्या दुपारी पत्र्याखाली लोळत मी सिंगापूरच्या रस्त्यांवरून भरपूर फिरलोय.

आमची खोली लातुरात, बारावीच्या एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा लातुरात ज्या गल्लीत क्लास नाही ती गल्लीच नव्हे. खाली केमिस्ट्रीचे सर माईकवरून शिकवायचे आणि दीडशे पोरं एका सुरात उत्तर द्यायची. तो आवाज जमिनीतून वर यायचा. मी स्वतः सकाळी दुसऱ्या एका क्लासवर फिजिक्स शिकवायचो आणि दुपारी इथं विद्यार्थी व्हायचो.

शिकवणारे मुजीबसर. घराणं उदगीरचं, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. स्वतः सरांची लेखी झालेली, प्रॅक्टिकलचा नंबर अजून यायचा होता, म्हणजे ते आमच्यापेक्षा जेमतेम एक इयत्ता पुढं. नांदेडची शाहीन लातूरला मावशीकडं राहून शिकायची. आणि बसवराज, आमचा बसू. औशाच्या पलीकडचा, त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या गावचा.

*

जुने राउटर आणले तेव्हा त्यांना नावं ठेवायची होती. पुस्तकात आर वन, आर टू असं असतं. मुजीबसर म्हणाले, "असल्या नावांवर जीव बसत नाही मियाँ. आपली गावं द्या."

लातूर झालं, उदगीर झालं, देगलूर झालं. मधला मोठा राउटर, ज्याच्यातून सगळं जाणार, त्याचं नाव शाहीनला नांदेड पाहिजे होतं. "जिल्ह्याचं ठिकाण आहे सर."

सर म्हणाले, "असेल. पण गाडी कुठं बदलता?"

"मुदखेड जंक्शनला," शाहीन म्हणाली. मधला राउटर मुदखेड झाला.

माहूर मी हौसेनं कपाटावर ठेवला, डोंगरावरचं गाव म्हणून. बसू आला, कपाटाकडं बघितलं, पिशवी ठेवली नाही, बसला नाही. माहूर उतरवून पोत्यावर मांडला, मग बसला. पुढं आमचे सगळे राउटर जमिनीवरच राहिले. डोक्याच्या वर जड काही ठेवायचं नाही, एवढं आम्हाला न विचारता कळलं.

*

लोडशेडिंगचे दिवस. वीज जायच्या आधी केलेलं काम सेव्ह केलं नाही तर दुपार पाण्यात जायची. त्यामुळं पंखा जरा मंदावला की चौघंही एकदम ओरडायचो, "सेव्ह केलं का?" ते इतकं अंगात मुरलं की मी बसमध्ये ड्रायव्हरनं लाइट मिचकावला तरी दचकायचो.

शाहीनची मंगनी नांदेडला झाली. आम्ही गेलो होतो. बायका आत, पुरुष बाहेर, मधे पडदा. दुआ चालू असताना दिवे मंद झाले. आणि पडद्याआडून, त्या शांततेत, होणाऱ्या नवरीचा आवाज आला, "सेव्ह केलं का?"

सगळे थिजले. शाहीनच्या अम्मींना वाटलं आता सोयरीक मोडते. मुजीबसर छताकडं बघत बसले. तेवढ्यात बाहेरच्या बाजूनं देगलूरच्या नवऱ्या मुलानं मान खाली ठेवूनच उत्तर दिलं, "कधीच केलं."

तो एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा, हे आम्हाला नंतर कळलं. शाहीनला मात्र तिथंच कळलं असणार.

*

दुपारी दोननंतर पत्रा इतका तापायचा की शिकवणारा आणि शिकणारे सारखेच पेंगायचे. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत राहायचे. खालून पोरांचा सूर यायचा. जागेपण कुठं संपलं ते समजायचं नाही.

एकदा देगलूर काही केल्या लागेना. तिघं डोकं लावून थकलो. मुजीबसर भिंतीला टेकून झोपलेले. झोपेतच ते शांतपणे म्हणाले, "उदगीरची केबल बघा. उलटी लावलीय."

आम्ही बघितली. उलटी होती. लावली, देगलूर आलं. बसूनं आनंदानं सरांना हलवून उठवलं आणि सांगितलं.

सर चिडले. "उठवलं कशाला? पुढचं ऐकायचं होतं ना."

*

आमच्यात सगळ्यात हुशार बसू. लेखी परीक्षा त्यानं पहिल्या फटक्यात काढली. प्रॅक्टिकलचा नंबर लागला, आम्ही स्टेशनवर जाऊन हार घातला, आणि तिसऱ्या दिवशी तो परत आला तो थेट खोलीवर. काय झालं विचारलं.

"दुपारपर्यंत समदं झालं होतं," बसू म्हणाला. "मग बाजूचं मोठं एसी चालू झालं. जमीन थरथरली जरा. मी उठलो अन् बाहेर आलो."

"मग परत आत जायचं ना," मी म्हणालो.

"न्हाई जमलं."

थोड्या वेळानं त्यानंच सांगितलं. भूकंपाच्या वेळी तो आणि आबा अंगणात झोपले होते. आई आत होती. दाराची चौकट दबली आणि दार उघडलं नाही. आबांनी हातानं ओढलं, याच्यानं जेवढं होत होतं तेवढं यानं ओढलं. एवढंच सांगितलं त्यानं आणि मुदखेडची केबल काढून पुन्हा लावत बसला. मला त्या दिवशी कळलं की आमच्या खोलीचं दार मी कधी बंद बघितलंच नव्हतं. रोज सगळ्यात आधी बसू यायचा आणि दाराला वीट लावायचा.

शाहीन म्हणाली, "सर, बसूभाऊला सगळं येतं. फक्त खोलीत बसता येत नाही. याचं काय करायचं?"

मुजीबसर खालच्या क्लासचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "लातुरात जे येत नाही त्याचं काय करतात? टेस्ट सिरीज लावतात."

*

आणि खरंच लावली. आठवड्याला एक युनिट टेस्ट. बसू राउटर घेऊन बसायचा, आम्ही दार थोडं लोटायचो, विटेला टेकेपर्यंत. पुढच्या आठवड्यात वीट एक बोट आत. बसू घामानं भिजायचा, उठून जायचा, जिन्यात बसून पाणी प्यायचा, परत यायचा. मुजीबसर गंभीरपणे मार्क द्यायचे. पंचवीसपैकी नऊ. पंचवीसपैकी अकरा. बसू अकरावर भांडायचा, "सर, एक तर वाढवा, मी उठलो पण चप्पल घातली न्हाई."

दार जमत आलं, मग थरथर. एका शनिवारी सरांनी पत्र्याचा तुकडा वाजवला आणि शाहीननं न सांगता जमिनीवर दोन्ही पायांनी धडाधडा उड्या मारल्या. ती नांदेडची. लातुरात असं करायचं नसतं, हे तिला कोण सांगणार?

खालची अख्खी बॅच रस्त्यावर! दीडशे पोरं, कुणाची चप्पल आत, कुणाचं दप्तर आत. बसू पण पळाला, त्याच्या मागं आम्ही. रस्त्यावर बघतो तर सगळ्यांच्या पुढं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलेले, स्वतः केमिस्ट्रीचे सर. हातात खडू तसाच.

आता बोलणी बसणार म्हणून आम्ही उभे. मुजीबसरांनी माफी मागितली आणि का वाजवलं ते सांगितलं. केमिस्ट्रीचे सर बसूला म्हणाले, "गाव कोणतं?"

बसूनं सांगितलं.

सर म्हणाले, "मी शेजारचा. निलंग्याकडचा." मग खडू खिशात टाकत म्हणाले, "वरून उड्या मारून काय व्हायलंय? हादरा खालून यावा लागतो. मी देतो पोरं."

त्यानंतर दर शनिवारी, आधी सांगून, दीडशे पोरं खालून बाक आपटायची. आमचे राउटर पोत्यावर नाचायचे. प्रीलिमच्या दिवशी दार पूर्ण बंद, आतून कडी, खाली बाकांचा दणका, वर मुजीबसरांचा पत्रा. बसूनं मुदखेड उभं केलं, माहूर उभं केलं, आणि डोकं वर न करता म्हणाला, "सर, पत्रा दुसरा आणा. ह्याचा आवाज लई फुसका हाय."

सरांनी पंचवीसपैकी चोवीस दिले. एक मार्क उद्धटपणाचा कापला.

*

मधे येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. बसूनं आम्हाला नेलं. कडब्याच्या कोपीसमोर बसून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. आंबील पिऊन मुजीबसर जे आडवे झाले ते ऊन कलल्यावरच उठले.

परतताना घरी गेलो. पुनर्वसनातलं गाव, आखलेले रस्ते, एकसारखी घरं. आबांचा संसार मात्र अंगणात. तिथंच बाज, तिथंच चूल, वर पत्रा. घरात फक्त सामान. दार सताड उघडं आणि त्याच्या मागं ज्वारीची पोती लावलेली, हलू नये म्हणून. घर मिळाल्यापासून ती तिथंच असावीत. दाराचा निळा रंग पोत्यांआड नवाकोरा राहिला होता.

शाहीन म्हणाली, "आबा, थंडीत तरी आत झोपत जा."

आबा म्हणाले, "हितं बरं हाय, बाई. चांदण्या दिसत्यात."

*

उन्हाळ्याच्या तोंडावर बसूचा दुसरा नंबर लागला. मुदत संपत आली होती. हुकलं असतं तर पुन्हा लेखीपासून, आणि परीक्षेपायी इतकी वर्षं न धरलेली नोकरी आता धरावीच लागणार होती. गाडी सुटताना मुजीबसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काही झालं तरी समज, मीच पत्रा वाजवतोय."

पुढचं बसूनंच आम्हाला सांगितलं. दुपारचं जेवण झालं. दार बंद. बिघडवलेलं जाळं दुरुस्त करायला घेतलं, आणि इमारतीचा भोंगा वाजला. कॅन्टीनमध्ये काहीतरी करपलं होतं. सगळे परीक्षार्थी उठून जिन्यानं खाली पळाले. खाली परीक्षकानं माणसं मोजली, एक कमी. तो बिचारा धापा टाकत परत वर आला, दार उघडलं, तर भोंग्याच्या आवाजात एक जण निवांत टाइप करत बसलेला.

बसूनं वर न बघता मराठीत सांगितलं, "हां, ह्यो पत्रा चांगला हाय सर."

परीक्षक तमिळ होता. त्यानं बसूला हाताला धरून खाली नेलं. भोंगा थांबल्यावर सगळ्यांना पुन्हा वर बसवलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. बसू पास.

*

आम्ही पेढे घेऊन त्याच्या गावी गेलो. भर दुपार, गरम वारं सुटलेलं. आबा बाजेवर बसलेले. बसू पाया पडला. मुजीबसर आबांना समजावू लागले, ही परीक्षा किती मोठी, देशात किती थोड्या लोकांना जमते, आता पोरगं विमानानं जाणार. आबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष बसूकडं होतं.

"कुठं बसवलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"खोलीत," बसू म्हणाला.

"दार?"

"लावलेलं हुतं."

"पुरं?"

"पुरं, आबा."

"दिसभर?"

"हाव."

आबांनी बाजेवरून पाय खाली सोडले. पेढा हातात तसाच. मग उठले, बाजेला हात टेकून, आणि वाऱ्यामुळं आम्ही जेवायला घरात ताटं मांडली होती तिथं आले. भिंतीला पाठ लावून बसले. वाऱ्याबरोबर आत धूळ येत होती.

"बसू," आबा म्हणाले, "दार लाव. ताटात माती यायलीय."

बसू उभाच राहिला. मग मी आणि शाहीननं एक पोतं ओढलं, मुजीबसरांनी दुसरं. बिजागऱ्या गंजलेल्या, दार फुगलेलं, हलेना. बसूनं खांदा लावला, सरांनी लावला, मी लावला. करकरत एकदाचं बसलं. आत एकदम अंधार आणि गारवा झाला.

अंधारातून आबांचा आवाज आला, "हां. आता वाढ."