आंब्याला निघालेला गोवर

कुंडलला आमच्या दारात एक रायवळ आंबा आहे. माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले, त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः कोय पुरून वाढवलेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि त्याच्या पानांवर मोहरीएवढ्या गाठी उठल्या. पानावरून हात फिरवला की खरखर लागायची.

सासूबाईंनी एक पान उन्हात धरून बघितलं आणि सांगून टाकलं, "झाडाला गोवर निघालाय." त्याच दुपारी त्यांनी बुंध्याला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि झाडाखाली कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असं बजावलं.

सासऱ्यांना हे पटलं नाही. त्यांनी फवारणीचा पंप ओसरीवर आणून ठेवला. "उद्या औषध मारतो. काय असंल ते मरंल."

मी मिरजेला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. घरात ते कधी मिरवलं नव्हतं, पण त्या दिवशी धीर केला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. म्हटलं, "मामा, आत काय हाय ते आदी बघूया की. मग मारा."

त्यांनी जरा विचार केला. "आठ दिवस दिले. नवव्या दिवशी पंप."

मी गाठी आलेल्या चार डहाळ्या ओल्या कापसात गुंडाळून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवल्या आणि तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. बरणी घेतली म्हणून सासूबाई दोन दिवस धुसफुसत होत्या. मामा मात्र रोज सकाळी चहा झाला की माझं भिंग घेऊन बरणीपुढं बसायचे.

चौथ्या दिवशी मी डबा भरत होते, तोवर त्यांची हाक आली. "पोरी, हालचाल हाय."

चिलटाहूनही बारीक, केसासारख्या पायांच्या माश्या काचेवर चढत होत्या. ही मिजमाशी. कोवळ्या पानात ती अंडी घालते, अळीभोवती पान फुगतं आणि त्याची गाठ होते, असं मी सांगितलं.

"म्हंजे घर झाडानं बांधायचं आणि ऱ्हायाचं हिच्या पोरानं," मामा म्हणाले.

मागून सासूबाई वाकून बघत होत्या. "बाळंतपणाला आलीय म्हणायची बिचारी." त्यानंतर बरणीबद्दल त्यांची तक्रार थांबली.

सहाव्या दिवशी वेगळंच काही दिसलं. हिरवट, चकाकणारा, टाचणीच्या टोकाएवढा कीटक. गांधीलमाशीच्याच जातीतला. याची अळी गाठीतच वाढते आणि मिजमाशीच्या अळीला खाते, असं मी म्हटल्यावर मामा बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"म्हंजे हा आपल्या बाजूचा."

"व्हय."

"आणि फवारलं तर?"

"तर हा बी मरंल."

मामा उठले, पंप उचलून आतल्या खोलीत ठेवून आले. मग बरणी झाडाखाली नेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं फडकं सोडलं.

गाठी सगळ्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी कमी दिसल्या, आणि आंबे नेहमीसारखे आले. आता शेजारपाजारचे लोक आपल्या झाडाची पानं घेऊन मामांकडे येतात. ते भिंग काढतात आणि फवारणीआधी थांबायला सांगतात. त्या हिरव्या कीटकाला ते 'आपला जवान' म्हणतात. गाठीत अंडी घालायला येते ती मादी असते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.